हलव्याला काटा येईपर्यंत

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येत आहे की, इंदूर शहरातल्या एका मध्यमवयीन, भरघोस मिशीच्या आणि आजवर चहापलीकडे काहीही न शिजवलेल्या गृहस्थाने संक्रांतीचा काटेरी हलवा घरी करण्याचा निर्णय घेतला आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. गॅसची शेगडी, पितळी परात आणि सदर गृहस्थ या तिघांवरही बारीक लक्ष ठेवण्यात येत आहे.

लक्ष ठेवणारा मीच होतो आणि तो गृहस्थही मीच. त्यामुळे घाबरण्याचं खातंही माझ्याकडेच आलं, आणि ते मी अगदी मन लावून सांभाळलं.

झालं असं. दिवाळीनंतर मुलाचं लग्न झालं. सून देपालपूरची, माळव्यातल्या चांगल्या भरल्या घरातली. वडिलांचा धान्याचा व्यापार आणि घरात माणसं इतकी, की लग्नात मी विहीणबाई समजून तिघींना नमस्कार केला आणि तिघीही काकवा निघाल्या. अशा घरातून ती आमच्या दोन खोल्या आणि एका बाल्कनीच्या फ्लॅटमध्ये आली. इथं माणसं दोन, दोन्ही पुरुष. एक माझा मुलगा, जो सकाळी लॅपटॉपमध्ये शिरतो आणि रात्री जेवायला बाहेर येतो. दुसरा मी, जो सांवेर रोडच्या कारखान्यात दिवसभर बडबड करून घरी येतो आणि सुनेसमोर मात्र मुका होतो. मुलाची आई हे लग्न बघायला राहिली नव्हती. ती असती तर घरात बोलण्याची बाजू तिनं एकटीनं लढवली असती.

सून आमच्याशी हिंदीत बोलायची. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची नाही, लाजायची. आमचा रोजचा संवाद असा चाले:

"चाय, पापाजी?"

"हो, बेटा."

"जी."

यातलं "जी" हे मला निरोपासारखं वाटायचं.

एका रविवारी मी आंघोळ करून टॉवेल वाळत घालायला बाल्कनीकडे निघालो. दारापाशी पोचलो तर ती बाहेर फोनवर आईशी बोलत होती. चोरून ऐकायची मला सवय नाही, पण पुढचं वाक्य असं होतं की पाय उचलेना.

"अरे नहीं मम्मी, सब अच्छे हैं. पापाजी तो बहुत ही अच्छे हैं. बस, घर में कोई है नहीं."

मी तिथंच उभा होतो. पूर्ण उंचीचा, मिशीसकट, हातात ओला टॉवेल घेऊन. आणि घरात कोणी नव्हतं.

राग आला असता तर बरं झालं असतं, पण राग आला नाही. ती खरं तेच बोलत होती. विचारावं, रुसावं, पदार्थ कसा झाला म्हणून जिच्या तोंडाकडे बघावं, असं त्या घरात कोणी नव्हतंच. टॉवेल मी खुर्चीवर टाकला. त्या दिवसापासून माझ्या छातीत एक काळजी भाडेकरूसारखी राहायला आली: ही पोरगी इथं राहील, वेळच्या वेळी चहा करील, "जी" म्हणेल, आणि मनानं कायमची देपालपूरलाच राहील.

पौष लागला तशा वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. काकू म्हणजे आमच्या बिल्डिंगचं मराठी पंचांगच. कुणाकडे कधी काय करायचं असतं ते त्यांना आमच्याआधी माहीत.

"भाऊ, पहिली संक्रांत आहे पोरीची. काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू. संक्रांतीनंतरचा रविवार धरू या, म्हणजे तिची आईसुद्धा येऊ शकेल देपालपूरहून."

"धरा की."

"तसं हे सगळं सासूनं करायचं असतं. आता तुमच्याकडे…"

ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. जिन्यातच ठेवलं आणि विषय बदलला. "पुण्याहून मागवून टाका हो. आजकाल डब्यात सगळं येतं. हार, बांगड्या, बाजूबंद, एकदम रेडिमेड."

मला कल्पनेत तो रविवार दिसला. पंधरा-वीस बायका, मधे काळ्या साडीत आमची सून, गळ्यात डब्यातून आलेला हार, आणि समोर तिची आई पोरीच्या चेहऱ्यावर शोधते आहे की या घरात कोणी आहे का.

"हलवा घरी होईल," मी म्हणालो.

"करणार कोण?"

"होईल," मी म्हणालो, आणि कर्ता गुलदस्त्यात ठेवून चपळाईने खाली उतरलो.

आता माझी योग्यता ऐका. मी ज्या कारखान्यात आहे तिथं लोखंडी पॅनलवर पावडर कोटिंग होतं. रंगाची भुकटी लावायची, भट्टीत भाजायची, वर गुळगुळीत थर चढतो. तो थर तपासणं हे माझं काम. खिशात भिंग, आणि भिंगापेक्षा तरबेज माझा अंगठा. पॅनलवरून अंगठा फिरवला की बारीकसा दाणा, पुरळ, उंचवटा लगेच कळतो. असा माल मी क्षणात बाजूला काढतो. पोरं म्हणतात, "साहब का अंगूठा बड़ा ज़ालिम है." आणि हलवा म्हणजे तरी काय? साबुदाण्याच्या एका दाण्यावर साखरेच्या पाकाचे थरावर थर. कोटिंग! माझा प्रांत! मी इतका खूश झालो की मिशीला पीळ भरला.

देवासला माझी मोठी बहीण असते. तिला फोन लावला.

"ताई, हलवा कसा करतात गं?"

"कोण करतंय?"

"कोणी नाही. जनरल नॉलेज."

"तुझ्या आवाजावरून कळतंय जनरल नॉलेज. ऐक. साखरेत पाणी घालून उकळव, चमचाभर दूध टाक, मळी वर येईल ती काढ. पाक पातळच ठेव. तव्यावर परात, परातीत साबुदाणा, गॅस अगदी मंद. वरून पाक थेंबाथेंबानं सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. वाळला की परत पाक. असं रोज सकाळी, थंडीत. आणि काटा यायला हवा. काटा नाही आला तर तो हलवा नव्हे, साखर चोळलेला साबुदाणा."

"काटा कसा येतो?"

"येतो."

"म्हणजे काय करायचं?"

"काही करायचं नाही. थंडी असली की येतो, घाई केली नाही की येतो. तुझ्या बायकोला किती छान यायचा, बघितलं नाहीस का कधी?"

खाल्ला होता, बघितला नव्हता. मला फक्त आवाज आठवत होता. जानेवारीत मी पांघरुणात असायचो आणि स्वयंपाकघरातून परातीतल्या दाण्यांची सर्र-सर्र यायची, आणि मी कुशीवर वळायचो. एवढंच शिक्षण घेऊन मी या क्षेत्रात उतरलो.

गुप्तता आवश्यक होती. सुनेला आधी कळलं आणि हलवा बिघडला, तर तिला दोन गोष्टी कळणार होत्या: की या घरात सासू नाही, आणि सासऱ्यालाही काही येत नाही. म्हणून मी सूर्याच्या आधी उठायचो, स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचो, मफलर बांधायचो आणि शेगडी फरशीवर घेऊन परातीपुढे बसायचो. थेंब सोडायचा, हलवायचं. थेंब, हलवायचं. बोटं पोळायची. वाकून बघताना वाफ मिशीत शिरायची आणि तिथं तिची साखर व्हायची. कारखान्यात पहिला चहा पिताना तो बिनसाखरेचाही गोड लागायचा. गाडी पार्क करताना वास घ्यायचो, अंगाला पाकाचा वास तर येत नाही ना. फ्रीजमागच्या डब्यात दाणे लपवायचो आणि दिवसभर कारखान्यात बसून विचार करायचो, मुंग्या लागल्या असतील का?

आणि मग तिसऱ्या की चौथ्या दिवशी जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, किचनमध्ये उंदीर झालेत."

मी म्हणालो, "छे! कुठे?"

"ही रोज सकाळी ऐकते. सर्र-सर्र असा आवाज."

सून मान खाली घालून म्हणाली, "बहुत बड़ा है, पापाजी. खाँसता भी है."

खोकणारा उंदीर या विषयावर मी गंभीर चेहऱ्यानं बरंच बोललो. दुसऱ्या दिवशी घरात पिंजरा आला, आणि पहाटे अंधारात त्याच्यावर पाय पडू नये ही एक नवी काळजी माझ्या यादीत भरती झाली.

पण खरी काळजी परातीत होती. साबुदाणा फुगत होता, पांढरा होत होता, चमकत होता, आणि इतका सुरेख गोल होत होता की काय सांगू. भिंगातून बघितलं तर एक खड्डा नाही, एक उंचवटा नाही. कारखान्यात असा माल आला असता तर मी पोरांना पोहे-जलेबी खिलवली असती. इथं मात्र मी एकेक दाणा उलटून उलटून बघत होतो. काटा कुठे आहे?

दोन दाणे कागदात गुंडाळून मी काकूंना दाखवायला नेले. "एका मित्राकडून आणलेत," असं सांगून.

काकूंनी चष्मा लावला, दाणा उजेडात धरला, जिभेवर ठेवला. "मित्र डॉक्टर आहे का तुमचा?"

"का?"

"या होमिओपॅथीच्या गोळ्या आहेत, भाऊ. दिवसातून तीन वेळा घ्यायच्या असतील."

मी हसलो. हसत हसत खाली आलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो. रविवार जवळ येत चालला होता. माझं सगळं आयुष्य थर चढवण्यात गेलं होतं, आणि सुनेसाठी एक काटा मला आणता येत नव्हता. ताईला परत फोन केला. ती म्हणाली, "तुला घाई झाली असेल." मी म्हटलं, "घाई नाही, भीती आहे." ती म्हणाली, "मग हलव्यालाही कळत असेल."

ही असली उत्तरं ऐकून माणसानं रडावं की देवासला जाऊन बहिणीचे कान धरावेत, हे ठरवणं कठीण होतं.

परत सुरुवात केली. नवा साबुदाणा, नवा पाक. अधिक काळजीनं, अधिक समान, अधिक नाजूक. तळहात सपाट करून दाण्यांवरून फिरवायचा, सगळीकडे सारखा दाब. माझ्या तळहाताखालून सगळे दाणे शाळेतल्या कवायतीसारखे एका दिशेनं फिरायचे. आणि पुन्हा सगळे गुळगुळीत.

संक्रांत आली. खाली पोरं गिल्ली-डंडा खेळत होती आणि वर मी बाल्कनीतून आभाळ बघत होतो. आभाळ भरून यायला लागलं होतं. जानेवारीत माळव्यात मावठा पडतो. शेतकऱ्यांना तो आवडतो, गव्हाला चांगला. हलव्याला तो विष. हवेत ओल आली की साखर वाळत नाही, पाझरायला लागते. फोनमध्ये हवामान बघत होतो. तिथं एक छोटासा ढग होता आणि त्याच्याखाली तीन थेंब. ते थेंब मी पाचपन्नास वेळा बघितले, जणू बघून बघून पुसले जातील.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तेव्हा बाहेर पाऊस होता. टिपटिप नाही, चांगला सरळ पाऊस. तरी मी परात मांडली. माणसाला कळतं की होणार नाही, तरी तो मांडतो. पाक सोडला, हलवलं. दाणे एकमेकांना धरून बसले. बोटानं सोडवायला गेलो तर बोटाला चिकटले. गॅस थोडा मोठा केला, तर खालून पिवळे पडायला लागले. बंद केला, तर सगळ्याचा एक गोळा झाला. आठ दिवसांची मेहनत परातीच्या मध्यावर एका ढेकळासारखी बसली होती, आणि मी तिच्यासमोर, मफलर बांधून, दोन्ही हात चिकट.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

दारात सून. एका हातात मोबाईलचा टॉर्च, दुसऱ्या हातात उगारलेला झाडू. मग झाडू हळूहळू खाली आला आणि तिच्या तोंडून हिंदी नाही, थेट माळवी निघाली.

"यो कई है, पापाजी?"

"हलवा," मी म्हणालो.

तिनं ढेकळावर टॉर्च मारला. मग माझ्या मिशीवर मारला. तिथं पांढरे कण चमकत असावेत.

"तीन दिन से मैं पिंजरे में रोटी लगा रही हूँ," ती म्हणाली. "घी लगाके!"

"मला माहीत आहे. वास यायचा."

"और ये… किसके लिए?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. हिंदी-मराठीची खिचडी करत मी सांगितलं, की याचे दागिने करतात, पांढरे, काळ्या साडीवर घालायचे. नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला. "तसं ते सासूनं करायचं असतं. आता आपल्याकडे…"

आणि माझंही वाक्य काकूंच्या वाक्यासारखं तिथंच राहिलं, परातीशेजारी.

मला वाटलं, संपलं. आता ती "जी" म्हणेल आणि चहा ठेवेल. तिनं झाडू कोपऱ्यात ठेवला, पाट ओढला, माझ्यासमोर बसली आणि ढेकळाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

"टेस्ट तो अच्छा है," ती म्हणाली. "अब कब बनाएँगे?"

पाऊस दुसऱ्या दिवशी उघडला आणि मागोमाग गार वारा सुटला, अगदी हाडात शिरणारा. उरलेल्या सकाळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. तिसरा साबुदाणा परातीत पडला. मी पाक सोडायला लागलो आणि हलवायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "आपकी उँगलियाँ तो जल गई हैं. मैं करती हूँ."

मी नाइलाजानं परात दिली आणि जीव मुठीत धरून बसलो. कारण ती फार वाईट हलवत होती. तळहात नाही, दाब नाही. बोटांची टोकं दाण्यांमधून नुसती उगाच फिरवायची. मधेच थांबायची. दाणे एकमेकांवर पडत, घरंगळत, कुणी कुठे, कुणी कुठे. माझ्या कारखान्यात हे काम कुणी असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं. दोनदा तोंडात आलं, "बेटा, समान, समान." पण बोललो नाही, कारण ती बोलत होती.

ती बोलत होती! आधी दोन शब्द, मग दोन वाक्यं, मग बांध फुटल्यासारखी. घरी गव्हाच्या दिवसांत गोण्यांवर झोपायचे ते. एका काकीला सगळ्यांच्या जेवणात मीठ कमी वाटतं आणि दुसरीला जास्त, म्हणून ताटात कायम मिठाची वाटी. लहानपणी ती ज्वारीच्या ढिगाऱ्यात लपली आणि सगळं घर शोधत बसलं. सांगताना हसायची, नकला करायची, डाव्या हातानं हवेत काकी काढायची, आणि उजव्या हाताची बोटं आपली परातीत कुठे तरी. मी मुकाट्यानं थेंब सोडत होतो. मला एकाच वेळी आनंद होत होता आणि हलव्याची भीती वाटत होती. म्हटलं, जाऊ दे, हलवा गेला तर गेला, पोरगी बोलते आहे.

उजेड परातीपर्यंत आला तेव्हा सवयीनं मी खिशातलं भिंग काढलं आणि एक दाणा चिमटीत धरायला गेलो. अंगठ्याला काहीतरी लागलं.

दाणा. पुरळ. उंचवटा. सगळे दोष, एका दाण्यावर, चहूबाजूंनी.

"काटा!" मी इतक्या जोरात ओरडलो की आत मुलाचा लॅपटॉप पडल्याचा आवाज आला.

"कहाँ चुभा?" सून हात झटकत उठली.

"चुभा नाही! आला! काटा आला!"

भिंग तिच्या डोळ्याला लावलं. बारीक पांढरी टोकं, एकेका दाण्यावर, पहाटेच्या दवासारखी उभी. ती "हाय राम" म्हणाली आणि मग माझा अंगठा तिला दिसला. मी आनंदाच्या भरात तोच दाणा अंगठ्याखाली फिरवत होतो. गोल, समान, हलक्या दाबानं. अंगठा उचलून बघितलं तर दाणा गुळगुळीत.

तिनं तो दाणा माझ्या हातातून घेतला. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. काटा पहिल्या दिवसापासूनच येत होता. रोज पहाटे तो उगवायचा आणि रोज पहाटे माझा कर्तबगार हात त्याला घासून टाकायचा. जन्मभर ज्याला मी बाजूला काढलं होतं, तेच इथं हवं होतं.

"पापाजी," ती परात आपल्याकडे ओढत म्हणाली, "आप हाथ मत लगाना. आप सिर्फ़ पाक."

त्या दिवसापासून माझी पदावनती झाली. मी चमचाधारी. हात पुढे गेला की चापट बसायची. चक्क चापट! "हळू," ती मला बजावायची. "पाक", "काटा", "हळू" हे तीन शब्द आता तिच्या जिभेवर आले होते, पण वाक्य अजून मराठीत होत नव्हतं. चमच्याला ती चम्मचच म्हणायची आणि मला पापाजी.

शनिवारपर्यंत हलवा कसाबसा पुरेसा झाला. हार ओवणं काकूंकडे होतं. त्यांच्यासमोर डबा उघडला तर त्यांनी आधी चष्मा पुसला. मग दाणा बोटावर घेतला, पुन्हा पुसला.

"हा कोणत्या मित्राकडचा?"

"झाला घरी," मी म्हणालो. मागे सून ओढणी तोंडात कोंबून हसत होती.

काकू दोऱ्यात एकेक दाणा गाठीनं अडकवत बसल्या आणि मी काळजीचं नवं दुकान उघडलं. दाणे तुटले तर? रात्रीतून परत ढग आले तर? मुंग्या? आणि विहीणबाई! त्या काय बघतील? त्यांच्याकडे तर घरात माणसंच माणसं. पोरीच्या अंगावरचे हे पांढरे दाणे बघून त्या म्हणतील, बस, एवढंच?

रविवारी दुपारपासून बायका यायला लागल्या. हळदीकुंकवात पुरुषाला जागा नसते, म्हणून मी आणि मुलगा आतल्या खोलीत. मुलगा लॅपटॉपमध्ये, मी दाराच्या फटीशी. तिथून मला बैठकीची एक उभी चीर दिसत होती. त्या चिरेतून सून गेली. काळी साडी, गळ्यात हार, कपाळावर बिंदी, दंडात बाजूबंद. पांढरे काटे असे उठून दिसत होते की माझा अंगठा आपोआप मुठीत शिरला, चुकून घासेल म्हणून.

विहीणबाई आल्या, देपालपूरहून. बसल्या. पोरीकडे बघितलं. तिचा हात हातात घेऊन बांगडीवरचे काटे बोटानं मोजल्यासारखे करत बसल्या. मला वाटलं, आता विचारणार. आता पोरगी म्हणणार, यहाँ कोई है नहीं.

वाण लुटलं गेलं, तिळगूळ झाला. आणि मग पोलोग्राउंडच्या बाजूला राहणाऱ्या एक बाई, काकूंच्या मंडळातल्या, मोठ्या प्रेमळ आवाजात म्हणाल्या, "दागिने किती सुरेख गं! पुण्याचे ना? नाहीतर घरी कोण करणार? पहिली संक्रांत, आणि पोरीला सासू नाही गं बिचारीला."

जे वाक्य काकूंनी जिन्यात ठेवलं होतं आणि मी परातीशेजारी, ते या बाईंनी बरोब्बर उचलून बैठकीच्या मधोमध आणून पूर्ण केलं.

कुणीतरी कपबशी ठेवली तो आवाज ऐकू आला. काकूंनी डोळे मिटले. विहीणबाईंनी पोरीचा हात घट्ट धरला. मी दाराला कपाळ टेकवलं. मला माहीत होतं ती काय करणार. मान खाली घालणार आणि "जी" म्हणणार.

फटीतून मला ती उठलेली दिसली. हार एका हातानं सावरत, दुसऱ्या हातानं थेट माझ्या दाराकडे बोट दाखवत, आणि जन्मात पहिल्यांदा सगळंच्या सगळं मराठीत, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलून गेली:

"आहे ना मला सासू! आत बसली आहे, मिशीवाली!"